अडतिसाव्या पानावरचा पंप

"बाई, कथेत मध्येच पंप कुठून आला?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न तोफेचा नव्हता. तो लांबीच्या डोक्यातला होता आणि तो विचारायची पैज चष्म्याने लावली होती. मधल्या सुट्टीत या टोपणनावांच्या तिघी मैत्रिणी जिन्याखाली बसल्या असताना लांबी सहज म्हणाली, "मला तो पंप काही केल्या कळत नाही गं." चष्मा म्हणाली, "मग विचार की बाईंना." लांबी म्हणाली, "मी नाही. मी उभी राहिले की बाईंना आधी माझी उंचीच दिसते." मग दोघींनी एकदम तोफेकडे पाहिलं.

"ही विचारेल," लांबी म्हणाली.

"ही? नाही विचारणार," चष्मा म्हणाली. "संपादक झाल्यापासून ही बाईंच्या मर्जीतली आहे."

बस, एवढं पुरे होतं. तोफेला तोफ हे नाव याच वर्षी पडलं होतं. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीला 'उपस्थित' म्हणायची तेसुद्धा शेजारणीच्या कानात. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि तिला असा काही कंठ फुटला की वक्तृत्वाचा पेला, वादविवादाची ढाल आणि शेवटी शाळेच्या वार्षिकांकाचं संपादकपद, सगळं तिच्याकडे चालत आलं. नवीन आवाज आणि नवीन सायकल यांचं एकच असतं, काही काम नसलं तरी एक चक्कर मारून यावीशी वाटते. तेव्हा पाचव्या तासाला तोफ उभी राहिली आणि उडाली.

आता पंपाचं थोडं सांगायला हवं, कारण ज्यांनी हे पुस्तक अभ्यासलेलं नाही त्यांना वाटेल की पंप असायला काय हरकत आहे. कथा दोन भावांची. बारा वर्षांपूर्वी भांडून वेगळे झालेले. धाकटा एके दिवशी थोरल्याच्या दारात येऊन उभा राहतो. सदतिसावं पान संपतं ते असं, 'धाकटा पुढे झाला. त्याने हात'. आणि अडतिसावं पान सुरू होतं ते असं, 'पंपाच्या डोक्यावरील स्क्रू अडीच फेरे सैल करून आतील हवा निघून जाऊ द्यावी. पंप कधीही कोरडा चालवू नये.' अख्खं पान हेच. एकोणचाळिसाव्या पानावर पुन्हा, 'मग दोघेही हसू लागले. हसता हसता थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.' कथा संपली. खाली स्वाध्याय. प्रश्न तिसरा : पंपाचे प्रतीक स्पष्ट करा, गुण पाच.

लेखक हयात नव्हते, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. पुस्तक अकरा वर्षं चालू होतं आणि अकरा वर्षं मुली पंपाचे पाच गुण घेऊन पुढच्या वर्गात जात होत्या.

प्रश्न ऐकून भाषेच्या बाईंनी खडू टेबलावर ठेवला. बाई खडू दोन बोटांत असा धरत की तो मोडला तर सगळं वाङ्मय मोडेल. तो त्या फक्त शोकसभेला ठेवतात, असा शाळेत समज होता.

"पंप कुठून आला, असं विचारतेस?" बाई हळूच म्हणाल्या. "पंप आला नाही. पंप होताच. आपल्या प्रत्येकाच्या आत तो असतो."

चाळीस मुलींनी माना खाली घालून हे वहीत उतरवून घेतलं.

इथे थांबली असती तर ती तोफ कसली. "पण बाई, खाली असं लिहिलंय की विजेचा दाब कमी असल्यास विक्रेत्याशी संपर्क साधावा."

मागच्या बाकांवरून खुसखुस आली. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. "विक्रेता म्हणजे कोण? कोण सांगेल?"

पहिल्या बाकावरून हात वर गेला. ही वर्गातली पहिलीनंबर. तिला हाक मारायलासुद्धा मुली तेच नाव वापरत. "नियती, बाई."

"शाबास," बाई म्हणाल्या आणि तोफेकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, हेच वाईट लक्षण होतं. "सोमवारी या कथेचं समीक्षण लिहून आणायचं. हजार शब्द. पंपाचं प्रयोजन त्यात उलगडलं पाहिजे. वर्गासमोर वाचायचं. जिला पंप कळत नाही तिच्या हाती वार्षिकांक कसा सोपवायचा, याचा मला विचार करावा लागेल."

पहिलीनंबर ताठ बसली. संपादकपदाच्या यादीत दुसरं नाव तिचं होतं.

हे झालं बुधवारी. घरी आल्यावर तोफेने सगळं सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. बाबा एका मोठ्या ऑफिसात आवक-जावक विभागात होते. आलेल्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा आणि गेलेल्या प्रत्येक कागदाचा क्रमांक लिहून ठेवायचा, हे त्यांचं काम. मुलगी संपादक झाल्याची बातमी त्यांनी आवकमध्येही सांगितली होती आणि जावकमध्येही. आता ती परत कशी घ्यायची?

"गाईडमध्ये काय दिलंय?" आईने विचारलं. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची, तिला लांबण आवडत नसे.

तोफेने गाईड उघडून वाचलं. "पंप हे आधुनिक माणसाच्या कोरडेपणाचे प्रतीक आहे. किंवा, पंप हे नात्यातील ओलाव्याचे प्रतीक आहे. वेळ पाहून कोणतेही एक लिहावे."

"मग झालं की. ओलावा लिही, सोपं पडेल."

तोफेने कागद घेतला आणि लिहिलं, 'प्रस्तुत कथेतील पंप अत्यंत प्रभावी आहे.' सहा शब्द झाले. उरले नऊशे चौऱ्याण्णव. त्यापुढे काही केल्या गाडी हलेना. लिहायला बसलं की तो स्क्रू डोळ्यांपुढे यायचा. बारा वर्षांनी भाऊ दारात आलाय, आणि हा माणूस अडीच फेरे मोजत बसलाय. आणि मग दोघं हसतात. कशाला हसतात?

एवढ्यात समोरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि बसल्या. काकूंचा सल्ला मागावा लागत नसे, तो वाटीबरोबरच यायचा.

"समीक्षा ना? सोपं असतं गं. आधी स्तुती करायची, मग 'तथापि' लिहायचं, मग परत स्तुती. माझ्या भाच्याने आयुष्यभर हेच केलं, आज तो प्राध्यापक आहे."

"कशाचा?"

"ते काही मला माहीत नाही, पण आहे." काकूंनी पुस्तक हातात घेऊन पान वाचलं. "खरं सांगू का, तू पंप जवळून कधी पाहिलायस? नाही ना? मग कसं सुचणार. एखादी गोष्ट कळत नसेल तर तिच्याजवळ जाऊन बसावं. मी तुझ्या काकांजवळ तीस वर्षं बसले."

"मग कळले?"

"तथापि," काकू म्हणाल्या आणि उठून गेल्या.

तोफेला हे पटलं. अनुभव घेतल्याशिवाय लिहू नये, असं तिने स्वतःच वक्तृत्व स्पर्धेत ठणकावून सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. गुरुवारी शाळेतून आल्या आल्या ती दप्तर न उतरवताच वही, पेन आणि पुस्तक घेऊन इमारतीच्या जिन्याखालच्या पंपखोलीत गेली. खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं, आणि आत हिरव्या रंगाचा पंप गुरगुरत बसला होता. सुरुवातीची दहा मिनिटं तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वहीत लिहिलं, 'आवाज गंभीर आहे.' मग पुढची पाच मिनिटं काहीच सुचलं नाही. मग तिने अडतिसावं पान उघडलं आणि विचार केला की लेखक जे जगलाय ते वाचकाने एकदा तरी जगून पाहिलं पाहिजे.

स्क्रू पंपाच्या डोक्यावरच होता. दप्तरात कंपासपेटी होती. अर्धा फेरा, काही नाही. एक फेरा, फुस्स. दीड फेरा, बारीक फवारा. दोन फेरे, मोठा फवारा. इथे एखादी लेचीपेची समीक्षक थांबली असती, पण पुस्तकात अडीच लिहिलं होतं. अडीचाव्या फेऱ्याला स्क्रू उडाला, छताला लागला, खाली आला आणि गटाराच्या जाळीतून अंतर्धान पावला. मग पंपाने जे पाणी सोडलं त्याला साहित्यात उपमा असेल तर ती तोफेच्या वाचनात नव्हती. ती, वही आणि 'आवाज गंभीर आहे' हे वाक्य एकदमच वाहून दाराबाहेर आलं.

पाच मजले कोरडे पडले. इमारतीच्या सेक्रेटरींना सूचना लिहायचा मोठा नाद होता आणि अशी संधी वर्षातून एकदा येते. संध्याकाळी फलकावर सूचना लागली : 'चौथ्या मजल्यावरील एका संपादक मुलीने साहित्यिक कारणासाठी पंप उघडल्यामुळे पाणीपुरवठा पुढील सूचनेपर्यंत बंद राहील. रहिवाशांनी साहित्याविषयी गैरसमज करून घेऊ नये.'

तोफेला पाण्याचं इतकं वाईट वाटलं नाही जितकं 'एका' या शब्दाचं वाटलं. इमारतीत संपादक मुली दहा-बारा असल्यासारखं 'एका' काय? जिन्यात लोक बादल्या घेऊन भेटत आणि अतिशय गोड आवाजात विचारत, "काय मग, कुठवर आलं समीक्षण?" तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर तिला थांबवून सांगितलं की त्यांच्या काळी लेखक वाईट असला तरी पाणी यायचं.

शुक्रवारी संध्याकाळी पंपवाले मिस्त्री आले. आता पंपवाल्यांची एक रीत आहे, ती सगळ्यांना माहीत असते. पंपवाला आला की थेट पंपाला हात लावत नाही. ज्याने बोलावलं त्याच्या उंबऱ्यावर आधी बसतो आणि झाकणात पाणी मागतो. पेल्यात नाही, झाकणातच. ते पितो, निम्मं सांडतो, 'चुकलं माझं' म्हणतो आणि मग कामाला उठतो. असं का करतात, याविषयी इमारतीत मतं होती. सेक्रेटरींचं म्हणणं, पसरट भांड्यात पाण्यातला गाळ दिसतो. काकूंचं म्हणणं, त्यांच्यात तसं असतं. बाबांचं म्हणणं, प्रत्येक खात्याची एक कार्यपद्धती असते, तिला कारण विचारू नये.

दोषी घर म्हणून मिस्त्री तोफेच्याच उंबऱ्यावर बसले. घरात पाणी फक्त फ्रिजमधल्या एका बाटलीत उरलं होतं. सकाळपासून आई धुमसत होती, एका पंपापायी तिला बिनआंघोळीची कामावर जावं लागलं होतं आणि मिस्त्रींना यायला अख्खा दिवस का लागला हेही तिला विचारायचं होतं. पण तिने पातेल्याचं झाकण घेतलं, त्यात बाटली रिकामी केली आणि सांडू नये म्हणून एकेक पाऊल मोजत दारापर्यंत आली. मिस्त्रींनी झाकण तोंडाला लावलं, सदरा भिजवला आणि म्हणाले, "चुकलं माझं."

"अहो, तुमचं काय चुकलं," आई म्हणाली. उशिराचा प्रश्न तिच्या तोंडून निघालाच नाही.

प्रायश्चित्त म्हणून तोफेला बॅटरी धरायला पंपखोलीत पाठवण्यात आलं. मिस्त्री साठीचे, केस पांढरे, हात काळे. त्यांनी वाकून पाहिलं. "स्क्रू कुणी काढला?"

"मी. पुस्तकात लिहिलं होतं."

"कुठल्या पुस्तकात?"

तोफेने सोबत आणलेल्या दप्तरातून पुस्तक काढून अडतिसावं पान त्यांच्यापुढे धरलं. मिस्त्रींनी चष्मा लावला, पान वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. पंपावर आजवर इतकं लक्ष देऊन कुणी वाचलं नसेल.

"अडीच नाही, दीड फेरे," ते म्हणाले. "बाकी सगळं बरोबर आहे. पण हे तुमच्याकडे कसं? हे आमचं पान आहे."

"नाही हो, आमच्या कथेतलं आहे. प्रतीक आहे ते. पाच गुणांना येतं."

मिस्त्रींनी पिशवीत हात घातला आणि तेलाने पारदर्शक झालेली एक पुस्तिका काढली. पंप : जोडणी व निगा. आकार तोच, कागद तोच, मागे छापखान्याचं नावही तेच. सदतिसाव्या पानाच्या तळाशी होतं, 'मोटरला हात लावण्यापूर्वी'. मिस्त्रींनी पान उलटलं. तोफेने बॅटरीचा उजेड पाडला आणि वाचलं.

'धरला तो दाराच्या चौकटीचा. आत जायला पाऊल उचलेना. तो उंबऱ्यावरच बसला. "पाणी दे," म्हणाला.

"आत जाऊन घे की. घर काय परकं आहे?"

"भांडी कुठे ठेवतोस ठाऊक नाही."

थोरला आत गेला. बराच वेळ नुसते भांड्यांचे आवाज येत राहिले. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पातेल्याचं झाकण होतं, झाकणात काठोकाठ पाणी. एकेक पाऊल जपून टाकत तो आला.

"मलाही सापडत नाहीत," तो म्हणाला. "तुझी वहिनी गेल्यापासून घरात काय कुठे असतं, कळत नाही."

धाकट्याने झाकण तोंडाला लावलं. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"चुकलं माझं."

"पाणी सांडलं ते?"

"तेही."'

पान संपलं. तोफेच्या हातातली बॅटरी भिंतीवर गेली होती, तिथून छतावर. तिने ते पान पुन्हा वाचलं, चक्क मनातल्या मनात. तिला ओळखणाऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

"दोन्ही पुस्तकं एकाच छापखान्यात," ती शेवटी म्हणाली. "अडतिसावी पानं एकमेकांकडे गेली."

"असं आहे होय," मिस्त्री म्हणाले. "आम्हांला वाटलं, गिऱ्हाइकाच्या घरी कसं वागायचं, ते लिहिलंय. मी कामाला लागलेल्या प्रत्येकाला शिकवलं, सदतीस वाच, अडतीस कर, एकोणचाळीस वाच. त्याने पुढच्याला शिकवलं. आता सगळेच करतात."

"आणि कुणी विचारलं नाही, हे कशाला म्हणून?"

"कशाला विचारायचं? लागू पडतं ना. पूर्वी मोटर जळाली की लोक आमच्या अंगावर यायचे. आता उंबऱ्यावर बसलेल्याच्या अंगावर कोण येणार? आणि झाकण सांडतं. भरलेलं झाकण आणायचं तर माणसाला हळू चालावं लागतं. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत हळू चालला की राग निम्मा होतो. अकरा वर्षांत माझं एकाही घरी भांडण नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला एक सांगा, हे दोघं कोण? आमच्यात यावरून वाद आहे. निम्मे म्हणतात मिस्त्री आणि गिऱ्हाईक. मी म्हणतो भाऊ असणार."

"भाऊच आहेत."

"मी म्हणत होतो," मिस्त्री उलट्या बादलीवर बसले. "मग आधी काय झालेलं? आणि पुढे?"

तोफेने सगळी कथा सांगितली. आधीची सगळी पानं, नंतरचं एक. मिस्त्री पान्हा हातात धरून ऐकत राहिले आणि वरच्या पाच मजल्यांवर लोक नळाकडे बघत बसले.

"बारा वर्षं," मिस्त्री शेवटी म्हणाले. "तरीच. नाहीतर झाकणाने पाणी कोण पितं?" मग ते नवा स्क्रू बसवायला वळले. "आमच्या लोकांना सांगायला हवं हे. तेवीस जण आहोत, सोमवारी आम्हांला सुट्टी असते. तुम्ही सांगाल का येऊन?"

शनिवारी तोफ बाबांना घेऊन पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयात गेली, पुस्तिकेतल्या पानाची प्रत घेऊन. अशा ठिकाणी कसं बोलायचं ते बाबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी खिडकीशी जाऊन इतक्या अदबीने खाकरलं की आतला कारकून आपोआप उठून उभा राहिला. पण चूक सांगितल्यावर तो परत बसला.

"चूक कितव्या ओळीत आहे?"

"सगळ्याच ओळींत," तोफ म्हणाली. "पान दुसरंच आहे."

"फॉर्मवर एकाच ओळीची जागा आहे." त्याने फॉर्म दाखवला. खरंच एकच ओळ होती. "शिवाय समितीने जी प्रत मंजूर केली, तीत पंप आहे. म्हणजे पंप मंजूर आहे. तुमचं हे पान मंजूर नाही. नामंजूर मजकुरासाठी लेखकाची सही लागते."

"लेखक हयात नाहीत."

"मग पंप कंपनीची आणा. पान सध्या त्यांच्या ताब्यात आहे ना." तो थोडा पुढे झुकला आणि बाबांना म्हणाला, "आमच्या मुलीला पाचपैकी पाच आहेत हो पंपावर. कशाला काढता?"

एवढं होऊन बाबा खुशीत बाहेर आले, कारण अर्जाला आवक क्रमांक मिळाला होता. तो त्यांनी बसमध्ये तोफेला तीनदा वाचून दाखवला.

रविवारी सकाळी तोफ एकटीच बाईंच्या घरी गेली. बाईंनी दार उघडलं. घरच्या बाई शाळेतल्या बाईंपेक्षा लहान दिसत होत्या, हातात खडू नव्हता म्हणूनही असेल. तोफेने पान पुढे केलं आणि काय झालं ते सांगितलं, चक्क हळू आवाजात.

बाईंनी पान उभ्याने वाचलं. मग खुर्ची ओढून बसून वाचलं.

"भांडी कुठे ठेवतोस ठाऊक नाही," त्यांनी ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, "चांगलं आहे."

"हो, बाई."

"अकरा वर्षं मी मुलींना सांगतेय, ते दोघं का हसले. अस्तित्वाच्या पोकळीला हसले, असं सांगतेय. माझा लेख वाचलायस तू?"

"वाचलाय, बाई. 'पंप आणि पोकळी'."

"तीन ठिकाणी छापून आला." बाई पानाकडे पाहत राहिल्या. "आणि ते आपले पाणी सांडलं म्हणून हसले."

"तेही," तोफेच्या तोंडून निघून गेलं. बाईंनी वर पाहिलं, पण रागाने नाही.

"हे बघ," त्या पान परत देत म्हणाल्या. "हे वर्ष माझं शेवटचं. तू उद्या पंपावर वाच. बोलतेस चांगली, रंगवशील. वार्षिकांक तुझ्याकडेच राहील, मी शब्द देते. पुढच्या वर्षी मी नसेन, तेव्हा हे पान खुशाल बाहेर काढा."

त्या हे हुकूम केल्यासारखं बोलल्या असत्या तर तोफ तिथल्या तिथे उडाली असती. पण त्यांनी विचारल्यासारखं सांगितलं. "बघते, बाई," एवढंच म्हणून ती निघाली. घरापर्यंत ती पायी आली, वाटेत चष्मा भेटली तिच्याशी बोलली नाही आणि चष्म्याने घाबरून लांबीला फोन केला.

दुपारचा चहा झाला होता. आईने सगळं ऐकून घेतलं. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे. बाईंचंही मन राहील, तुझा अंकही राहील. वाच पंपावर."

"आणि आवक क्रमांक आहेच आपल्याकडे," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षी काय, केव्हाही त्याचा हवाला देता येईल."

तोफेने कप बाजूला सरकवला आणि उभी राहिली. घरात बोलायला उभं राहायची गरज नव्हती, पण बसून हे तिला जमलं नसतं.

"मी ठरवलंय. पंपावर मी वाचणार नाही. ते पान वाचणार. वार्षिकांक सोडल्याची चिठ्ठी लिहून झालीय, उद्या सकाळी पहिलीनंबरला देईन, ती काढेल नीट."

"आणि समीक्षण?" आईने विचारलं.

"झालंय." तोफेने वही उघडली. "'या कथेच्या एका पानामुळे तेवीस माणसांची भांडणं अकरा वर्षं थांबली आहेत, आणि त्यांना ही कथा आहे हे माहीतसुद्धा नव्हतं.'"

बाबा बोटांवर मोजत होते. "बाई हजार म्हणाल्या होत्या. हे वीससुद्धा नाहीत."

"माझे एवढेच. उरलेले बाई बोलतील. मिस्त्रींना मी निरोप दिलाय, ते तेवीस जण उद्या पाचव्या तासाला शाळेत येणार आहेत. त्यांना मधलं पान पाठ आहे, आधीचं आणि नंतरचं कुणीतरी नीट शिकवायला हवंय, आणि ही कथा बाईंसारखी कुणाला शिकवता येत नाही. म्हणून मी आत्ता परत बाईंकडे चाललेय, त्यांना हे विचारायला. त्या हो म्हणाल्या तर त्या शिकवतील. नाही म्हणाल्या तर मी शिकवणार. पण पंप नाही."

आणि तिने चपला घातल्या.